जाड कागदावर बाबांची वही

बाबांची वही छापायची ठरली, तेव्हा दादांनी बायकोला ठणकावून सांगितलं, "यात कुणी नाक खुपसायचं नाही. कागदपत्रांत हयात गेलीय माझी!"

आणि ते काही खोटं नव्हतं हो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दादा चौतीस वर्षं कारकून होते आणि नक्कल करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. समोर नोटीस येवो की कुणाचा रडून लिहिलेला अर्ज, दादा तो काना-मात्रेसकट उतरवून काढत आणि त्यातला एक शब्दही डोक्यात शिरू देत नसत. "नक्कल करणाऱ्यानं मजकूर वाचत बसू नये, चुका होतात," असं ते म्हणत.

बाबा घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. माणूस इतका अबोल, की दिवसाकाठी घरच्यांच्या वाट्याला चार शब्द आले तरी खूप! पण दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाची नोंद मात्र वहीत करायचे, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. ते गेले आणि आईला एकच ध्यास लागला. वही वाचायची. नेमके आईचे डोळे अधू होत चाललेले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "आजी, जे काही वाचायचं असेल ते या वर्षात वाचून घ्या."

आई दादांना म्हणाली, "मला ती मोठ्या अक्षरात करून दे. माझी मी वाचेन."

एवढंच मागणं. मोठं अक्षर!

दादांनी दोन महिने मान मोडून टायपिंग केलं. अक्षर सोळाचं, ठसठशीत. पानं झाली तीनशे वीस. प्रत्येक पानाला काळी दुहेरी चौकट, कारण चौकटीशिवाय कागद दादांना उघडा-बोडका वाटे. मग फाइल घेऊन स्वारी छापखान्यात गेली.

छापखानेवाल्यानं फाइल उघडली आणि डोकं खाजवलं. "दादा, चौकट अगदी पानाच्या कडेला टेकलीय. कडा कापताना जाईल ती. चारी बाजूंनी जागा सोडायला हवी."

"कापणार? माझ्या बाबांच्या वहीला कात्री लावणार?"

"अहो, सगळ्याच पुस्तकांना लावतात!"

दादांनी तिथंच बसून तीनशे वीस चौकटी आत सरकवल्या. दुपार गेली, चहा गार झाला, पण हे काही मागे हटले नाहीत.

मग कागद. छापखानेवाल्यानं आधी पिवळसर, मऊ कागद पुढे केला. "हा घ्या. डोळ्यांना त्रास नाही, पान छान उलटतं."

दादांनी तो उजेडात धरला. पलीकडची बोटं अंधुक दिसली. संपलंच! "असल्या पापुद्र्यावर आमचे बाबा? तो तिकडचा दाखवा."

"तो कव्हरचा कागद आहे, दादा."

"मग आतही तोच लावा!"

कागद खरंच देखणा होता. जाड, गुळगुळीत, आरशासारखा चकचकीत. दादांनी त्यावरून तळवा फिरवला आणि त्यांना भरून आलं. हयातीत बाबांसाठी कधी काही मोठं केलं नव्हतं त्यांनी. निदान आता तरी कुठं कमी पडायला नको, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

घरी बायकोनं विचारलं, "अहो, कागद आईंना दाखवलात का?"

"आईला काय कळतंय त्यातलं?" दादा म्हणाले.

आठवड्यानं छापखान्यातून फोन आला. "दादा, या कागदावर तीनशे वीस पानं म्हणजे वीट होतेय. पुस्तक उघडणारच नाही, बांधणी तडकेल. कागद बदलू या का?"

"कागदाला हात लावायचा नाही."

"मग पानं कमी करावी लागतील. थोडा मजकूर गाळू?"

"एक अक्षर गाळायचं नाही!"

मग छापखानेवाला म्हणाला, "मग एका पानावर चार पानं बसवतो. ऐंशी पानांत उरकेल."

"बसवा की!" दादा म्हणाले. अडचण सुटल्याचा त्यांना केवढा आनंद झाला!

छापण्याआधी तपासायला त्यांना बोलावलं. छापखानेवाल्यानं संगणकाच्या भल्यामोठ्या पडद्यावर एकेक पान मोठं करून दाखवलं. दादांनी नोंदी मोजल्या. चौकटी मोजल्या. आकडे क्रमानं आहेत, काना-मात्रा जागच्या जागी आहेत. खाली सही ठोकली, "तपासले, बरोबर आहे." प्रती दोनशे.

बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी घर माणसांनी भरलं. नातेवाईक, शेजारी, जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या हातात एकेक प्रत. मामांनी वजन तोलून पाहिलं. "हे पुस्तक आहे की फरशी?" पण कागदाचं कौतुक ज्यानं त्यानं केलं. आईनं तिची प्रत पदरानं पुसली, मांडीवर घेतली आणि म्हणाली, "छान झालंय रे." दादांची छाती फुगली.

पाहुणे गेले. आई पुस्तक घेऊन खिडकीशी बसली. दादा दारातून बघत होते. आईनं पान जवळ धरलं. मग लांब धरलं. तिरकं केलं, तर खिडकीचा सगळा उजेड त्या चकचकीत कागदावर उतरला आणि तिचे डोळेच दिपले. एका पानावर चार चौकटी, आणि चौकटींत मुंग्या!

दादा पुढे झाले. पुस्तक हातात घेतलं. आणि पहिल्यांदाच, कारकुनाच्या नजरेनं नाही, तर वाचायचं म्हणून पाहिलं. एक ओळ लागायलाही पान नाकाशी आणावं लागलं.

"अगदी त्यांच्यासारखंच झालंय," आई हळूच म्हणाली. "दिसायला देखणं, आणि काय म्हणतंय ते कळायला मार्ग नाही."

"आई, मी उद्याच दुसरं छापून आणतो. साध्या कागदावर. चुकलं माझं."

"ते येईल तेव्हा येईल. माझे दिवस चाललेत. बस इथं, तूच वाच." मग जरा थांबून म्हणाली, "मला एकटीलाच वाचायचं होतं खरं तर."

दादा खाली बसले. घसा खाकरला आणि उघडलं होतं त्याच पानावरून, कचेरीत परिपत्रक वाचावं तशा आवाजात सुरू झाले.

"नोंद एकशे बारा. स्वयंपाकघरातलं घड्याळ. बिघाड, काही नाही. कामं आवरून ती सहाला दुकानात येऊन बसते. घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. तेवढीच लवकर येईल."

दादा थांबले. आई पुढे सरकली.

"पुढे? त्या घड्याळाचं आणखी काही?"

"नोंद एकशे एकोणतीस. तेच घड्याळ. पुढे जातं म्हणून तिची तक्रार. तपासतो म्हणालो. आणखी पाच मिनिटं पुढे केलं."

"अगं बाई! आणि मी जन्मभर ओरडत राहिले, घड्याळजीच्या घरचंच घड्याळ पुढे म्हणून!" आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "हे सगळं तू टाइप केलंस?"

"केलं."

"आणि वाचलं नाहीस?"

दादांचे कान लाल झाले. "नक्कल करताना वाचायचं नसतं, आई."

"आणखी आहे का असलं?"

दादांनी पुढची दोन पानं डोळ्यांजवळ धरून चाळली आणि नुसतीच मान हलवली. खूप होतं.

"किती वाटल्यास रे प्रती?"

"दोनशे."

"म्हणजे मामाकडे पण? शेजारी पण?"

"सगळ्यांकडे."

आईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं विचारलं, "त्या सगळ्यांतही अक्षर एवढंच बारीक आहे?"

"हो गं," दादा खालमानेनं म्हणाले. "एवढंच."

"मग कुणी वाचत नाही," आई म्हणाली आणि तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. "ते दुसरं मोठ्या अक्षरातलं काही छापू नकोस हं. दार लावून ये. आणि पुढचं जरा हळू आवाजात वाच."