तिसऱ्यांदा कोणी विचारेना

"आर्लन, दालचिनी कुठंय?"

"दुसऱ्या खणात. सगळ्या बरण्या मी अक्षरांच्या क्रमानं लावल्यात," आर्लन टॉलेफसन अभिमानानं म्हणाला.

लव्होननं डोळे मिटून घेतले. आर्लननं ट्रॅक्टरचं दुकान विकलं, तेव्हापासून तो घरातच होता. आधी त्यानं गॅरेज लावलं, मग तळघर लावलं, आणि आता तो स्वयंपाकघरात शिरला होता. आपला चाळीस वर्षांचा संसार टिकला तो त्या दुकानामुळेच, असं तिचं अलीकडे ठाम मत झालं होतं.

"तू शाळा मंडळाची निवडणूक का नाही लढवत?" ती म्हणाली. "एक जागा रिकामी आहे. अजून कुणी अर्जसुद्धा भरला नाहीये."

"मी? छे! माझं काय काम तिथे?"

लव्होननं या नकाराकडे लक्षच दिलं नाही. बारा वर्षं हा माणूस अंघोळ करताना शाळा मंडळाच्या बैठका चालवत होता, ते तिला बाहेर ऐकू यायचं. आणि आता तर त्याला त्या जागेची फारच ओढ लागली होती. दुकानात असताना दिवसभर लोक विचारायचे, "आर्लन, हा पट्टा बसेल का?" "आर्लन, पाऊस येईल का?" आता त्याला कोणी काही विचारेनासं झालं होतं. फोन वाजला तर तो लव्होनसाठी असायचा. हे त्याला मनातून फार लागत होतं.

मग सरळ जाऊन अर्ज का भरू नये? पण त्यांच्या नॉर्स्टाड गावात आपण होऊन कोणी काही मागत नाही. मिनेसोटाच्या त्या भागात बशीतली शेवटची वडीसुद्धा कोणी उचलत नाही. एक जण तिची अर्धी घेतो, दुसरा उरलेल्यातली अर्धी, आणि शेवटी बशीत चिमणीलाही पुरणार नाही एवढा तुकडा राहतो. पदांचंही तसंच. लोकांनी येऊन विचारायचं, आपण "नको" म्हणायचं. त्यांनी पुन्हा विचारायचं, आपण पुन्हा "नको" म्हणायचं. तिसऱ्यांदा ते म्हणतात, "अहो, कुणीतरी करायलाच हवं ना!" मग आपण सुस्कारा सोडून म्हणायचं, "दुसरं कोणी नसेलच, तर बघतो." महापौर असाच झाला होता, अग्निशमन दलाचा प्रमुखही. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा एकच माणूस गावाला ठाऊक होता, आणि तो शिकागोहून आलेला होता.

यंदा उमेदवार शोधायचं काम शाळेनं विद्यार्थी परिषदेवर सोपवलं होतं. ही कल्पना आर्लनचीच. दोन वर्षं तो दर गुरुवारी परिषदेच्या मुलांना नेतृत्वाचे धडे देत होता. "मुलांना खरी कामं द्या, नुसते फुगे लावायला सांगू नका," असं त्यानंच मुख्याध्यापकांच्या गळी उतरवलं होतं. तेव्हा मुलं सगळ्यांत आधी आपल्याकडेच येणार, या खात्रीनं तो मनात मांडे खात बसला.

मुलं आलीच. परिषदेची अध्यक्ष काया लुंड आणि सचिव होदान वारसामे. लव्होननं कॉफी आणि लिंबाच्या वड्या मांडल्या.

"मिस्टर टॉलेफसन, तुम्ही उभे राहाल का?" कायानं विचारलं.

"अगं, मी कसला! माझ्यापेक्षा लायक माणसं पडलीयेत गावात."

"आम्हाला तुम्हीच योग्य वाटता," होदान म्हणाली. "राहाल का?"

"नको गं पोरींनो. माझं वय झालं आता." आर्लननं सुस्काऱ्यासाठी छातीत श्वास भरून घेतला.

"बरं," काया म्हणाली. "स्पष्ट सांगितलंत, थँक्यू." आणि दोघी उठल्या.

आर्लनचा श्वास आतच राहिला. लव्होननं दारात त्यांना अडवून तीनदा आग्रह करून वड्या घ्यायला लावल्या, म्हणजे निदान उदाहरण तरी डोळ्यांपुढे राहील. आर्लन त्यांच्या गाडीपर्यंत गेला. खिडकीवर हात टेकून तो हवेबद्दल बोलला, मक्याबद्दल बोलला, डासांबद्दलही बोलला. मुलींनी सगळं ऐकून घेतलं, हात हलवला आणि त्या निघून गेल्या.

"विचारलं का?" लव्होननं विचारलं.

"विसरल्या असतील," आर्लन म्हणाला.

गुरुवारच्या तासाला त्यानं विषय काढला. "समजा, एखादा माणूस नाही म्हणतो. पण म्हणजे तो अगदी नाहीच म्हणतो असं नाही..."

"पण तुम्हीच तर शिकवलंत," काया गोंधळून म्हणाली. "समोरचा जे बोलतो त्यावर विश्वास ठेवणारा तो खरा नेता, म्हणून."

"आणि आरोग्याच्या तासालाही शिकवलंय," होदान म्हणाली. "नाही म्हणजे नाही."

"ते बरोबरच आहे गं. पण समजा, तो माणूस आपल्याच गावचा आहे..."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "मिस्टर टॉलेफसन," काया हळूच म्हणाली, "तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्याची आर्लनची जन्माची सवय. तो म्हणाला, "नाही, नाही! तसं काही नाही!" आणि ज्या घाईनं म्हणाला, त्यावरून दबाव आहे अशी मुलींची खात्रीच पटली. संध्याकाळी गावाच्या फेसबुक पानावर विद्यार्थी परिषदेचं निवेदन आलं. 'मिस्टर टॉलेफसन यांनी शाळा मंडळासाठी दोनदा नकार दिला आहे. कृपया त्यांना पुन्हा विचारू नये. त्यांच्या निर्णयाचा मान राखावा.' खाली एक लाल बदाम होता.

आता मात्र गाव बुचकळ्यात पडलं. आर्लननं मुलांना नाही म्हटलं? तेही दोनदाच विचारल्यावर प्रकरण संपलं? म्हणजे तब्येतीचंच काहीतरी असणार. दुसऱ्या दिवशी दारात पहिली हॉटडिश आली, आजाऱ्याच्या घरी शेजारी नेऊन देतात ती. खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे, आणि झाकणावर चिठ्ठी, 'धीर धरा.' दोन दिवसांत फ्रीज भरला. नको म्हणायची सोय नव्हती, कारण हॉटडिश आणणाऱ्या बायका तीनदाच काय, दहादासुद्धा विचारतात. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाईंनी त्याचा हात हातात घेतला तो सोडेचनात.

कॅफेत जुना मित्र गॉर्डी शेजारी येऊन बसला. "काळजी करू नकोस. आमच्यापैकी कोणी तुला विचारणार नाही."

"विचारलं तरी चालेल," आर्लन म्हणाला. जाहीरपणे एवढी उघड मागणी त्यानं आयुष्यात केली नव्हती.

गॉर्डीचे डोळे भरून आले. "असाच हसतमुख राहा रे," तो म्हणाला आणि त्याच्या कॉफीचे पैसे देऊन निघून गेला.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. दहा वाजायच्या आत आणखी दोन हॉटडिश आल्या, तेव्हा आर्लन गळ घेऊन तळ्यावर पळाला. मासे गळाला लागेनात. होडीत बसल्या बसल्या त्याला वाटलं, आपण उद्या मेलो तर गाव म्हणेल, बिचारा, शेवटपर्यंत त्याला काही नको होतं. या विचारानं तो चांगलाच हादरला. त्यानं होडी काठाला लावली आणि पिकअप थेट शाळेच्या कचेरीकडे हाणली. पाचला कचेरी बंद व्हायची. 'मला हवं आहे, मला हवं आहे,' असं तो वाटभर घोकत होता. शब्द साधेच होते, पण तोंडाला त्यांची सवय नव्हती.

तो धापा टाकत आत शिरला. कारकून डार्लीन घाईघाईनं खुर्ची घेऊन धावली. "बैस आर्लन, बैस! उन्हातनं कशाला आलास असा?"

"डार्लीन, मला..."

"तुला आता काळजीच नको. अर्ज आला एक."

आर्लननं पाहिलं. टेबलाशी काया आणि होदान उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये लव्होन. तिनं चर्चला जायचा निळा ड्रेस घातला होता, ओठांना लाली लावली होती, आणि हातातल्या पेनाला टोपण घालत होती.

"आम्ही दुपारी तुमच्याच घरी गेलो होतो," होदान सांगू लागली. "माझ्या आईला सगळं सांगितलं, तर ती मलाच ओरडली. म्हणाली, दोनदा विचारून कुणी उठतं का? आमच्या सोमाली घरात पाहुणा नको म्हणाला की आई वाढायलाच घेते. म्हणून तिसऱ्यांदा विचारायला आलो. पण तुम्ही नव्हतात."

"मग सहज मिसेस टॉलेफसनना विचारलं," काया म्हणाली. "त्या लगेच हो म्हणाल्या. मला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही."

"घरातून कुणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं," लव्होन म्हणाली.

"पण तुम्हाला विचारायचं राहिलंच," होदान म्हणाली. "अजून पाच वाजले नाहीत. मिस्टर टॉलेफसन, तिसऱ्यांदा विचारते. उभे राहता का?"

आर्लनच्या छातीत तो सुस्कारा तयार होता, घोकलेले शब्दही जिभेवर होते. त्यानं लव्होनकडे पाहिलं. तिनं पेन घट्ट धरलं होतं आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. इतक्या वर्षांत तिला काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. निदान त्यानं तरी नाही.

"नको," तो म्हणाला.

"बघ!" काया होदानला म्हणाली. "मी म्हणत नव्हते? त्यांना खरंच नको होतं."

बाहेर आल्यावर लव्होननं किल्ली मागून घेतली आणि ती चालकाच्या जागी बसली. आर्लन पहिल्यांदाच स्वतःच्या पिकअपमध्ये पलीकडच्या बाजूला बसला.

"वाईट वाटलं का रे तुला?" तिनं विचारलं.

"छे गं!"

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

चाळीस वर्षं अशा वेळी ती तिसऱ्यांदा विचारत आली होती. तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आरसा आपल्या उंचीला जुळवून घेतला आणि म्हणाली, "बरं मग." आणि गाडी सुरू केली.