जन्माआधी मेलेला मेसॉन

गुप्त आकडा आपण विसरलो आहोत, हे सरांना संगणकासमोर बसल्यावर कळलं. तोवर सगळा गट त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता.

मेसॉन म्हणजे यंत्रात कणांची टक्कर झाली की जन्मणारा आणि पापणी लवायच्या आत मोडणारा कण. तो नेमका किती जगतो, हे मोजण्यात या मंडळींची पाच वर्षं गेली होती. मोजताना मन हव्या त्या उत्तराकडे झुकू नये, म्हणून आधीच उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवायचा, आणि शेवटी तो वजा करायचा, अशी पद्धत. आकडा एकट्या सरांना ठाऊक. तो कुठे लिहायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

"टाकताय ना, सर?" आकडेमोड सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं. त्यांची नोकरी या निकालावर अडली होती.

"लग्नाची तारीख घेतली होती," सर पुटपुटले. "म्हटलं, ती कोण विसरतंय?"



"सगळ्या तारखा टाकून बघू. शोभेल ती ठेवू," यंत्रवाला म्हणाला.

"शोभेल तीच ठेवायची, तर पाच वर्षं डोळ्यांवर पट्टी कशाला बांधली?" बाई म्हणाल्या.

सरांनी घरी फोन लावला. "अगं, आपलं लग्न किती तारखेला झालं?"

पलीकडून "सतरा मार्च," आणि फोन बंद.

सरांनी सतरा टाकले. मेसॉनचं आयुष्य शून्याच्याही खाली गेलं. म्हणजे बिचारा जन्मायच्या आधीच मेला होता.

"सुटला," यंत्रवाला म्हणाला. सरांना त्या कणाचा हेवा वाटला. बाई पाठ फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

सरांनी पुन्हा फोन लावला. या वेळी बाईंच्या आग्रहावरून स्पीकरवर.

"सतराच ना? नक्की?"

"लग्नाला मी होते," बायको म्हणाली. "पण तुमच्या डोक्यात बारा असणार. दरवर्षी बारा तारखेलाच फुलं आणायचात. हे मोजमाप सुरू झालं आणि तीही थांबली."

सरांनी मागे वळून पाहिलं.

"वहिनींना आपल्या उत्तराशी काही देणंघेणं नाही," बाई विचार करून म्हणाल्या. "साक्ष ग्राह्य धरता येईल."

सरांनी बारा टाकले. आयुष्य अगदी सभ्य, पटण्याजोगं आलं. टाळ्या सुरू झाल्या. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. सर स्पीकर बंद करून, फोन कानाशी धरून कोपऱ्यात गेले.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"फुलं चांगली असायची," ती म्हणाली. "बरं, किती जगतो मग तुमचा तो?"

"सेकंदाचा अब्जावा भागसुद्धा नाही."

"आणि तेवढ्यासाठी फुलं बंद केलीत."

मागे टाळ्या थांबत नव्हत्या, आणि सरांना फोन ठेवता येईना.