पंच धोंडोजीराव काटकर यांच्या कानांचा पराक्रम

श्रीगजाननाचे थोर कान स्मरून आणि मैदानाच्या मातीस हात लावून हे वर्तमान लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमास, शुद्ध पक्ष. नदीच्या अलीकडे एक राज्य होते. नाव सांगत नाही, कारण माणसे हयात आहेत आणि मानी आहेत. राज्यास तट नव्हता, बुरूज नव्हता, एक कबड्डीचे मैदान तेवढे होते आणि तेच तख्त. त्या तख्ताचे न्यायाधीश पंच राजश्री धोंडोजीराव काटकर. यांची कीर्ती ऐसी की चढाईचा गडी कबड्डी कबड्डी म्हणत परक्या अंगणात शिरला आणि त्याचा दम केसभर जरी तुटला तरी धोंडोजीरावांनी शिटी फुंकावी, बाद म्हणावे, आणि त्यांनी बाद म्हटले की ब्रह्मदेव आला तरी तो गडी आत घेववत नसे. नदीपलीकडचे राज्य हाडवैरी, परंतु तेही म्हणत की पंच असावा तर ऐसा.

परंतु काळ कोणास चुकला आहे? साठी उलटली आणि धोंडोजीरावांचे कान फितूर जाहले. आधी पाखरे गेली, मग दाराची कडी गेली, मग त्यांच्या कुटुंबाचा, पारूबाईसाहेबांचा, आवाज गेला, आणि त्याचे मात्र त्यांस प्रथम काही वाईट वाटले नाही. टीव्ही ऐसा लावीत की शेजाऱ्यांस बातम्या फुकट. मैदानात ही गत उघडी पडली तर शिटी जाईल आणि शिटी गेली तर आपण कोण, या विचाराने त्यांस घास गोड लागेना. मग त्यांनी कानांचे काम डोळ्यांस सोपविले. गड्याचे ओठ पाहावे, हलतात तोवर दम आहे, थांबले की बाद. ही मसलत कोणास कळली नाही ऐसे त्यांनी मानिले. आणि योग ऐसा की त्याच काळात राज्याचा खासा सरदार हैबतराव, जो धोंडोजीरावांचा सख्खा भाचा, याने तीन वर्षे लागोपाठ पलीकडच्यांस धूळ चारिली आणि करंडक अलीकडे ठेविला. मामा भाच्याची पाठ थोपटीत आणि भाचा खाली पाहून हसे. मामांस वाटे, पोर विनयशील आहे.

त्या साली संक्रांतीस कन्या कांचनबाई माहेरी आल्या. त्यांनी पित्याची अवस्था पाहिली आणि वैद्याकडे नेले. वैद्य म्हणाले की कान मध्यम गेले आहेत, यंत्र लावावे. धोंडोजीराव खुर्चीतून उठले. म्हणाले, "कानाला यंत्र लावलेला पंच? मग पहाऱ्याला आंधळा बी ठेवा." आणि तडक घरी आले. परंतु कांचनबाई त्यांचीच लेक. त्यांनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी काढिली आणि तीतून दोन इअरबड्स काढून पित्याच्या तळहातावर ठेविले. आणि म्हणाल्या की एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत तमाम तरुण मंडळी हे घालून हिंडते, त्यांस कोणी बहिरे म्हणत नाही. वैद्यांस विचारून ठेविले आहे, कान अजून फार गेले नाहीत तोवर याने निभेल, पुढे खऱ्या यंत्राचे पाहू. हा युक्तिवाद धोंडोजीरावांस पटला, कारण त्यात म्हातारपण कोठे नव्हते. मग फोनाने त्यांच्या कानांची परीक्षा घेतली. बारीकमोठे नाद वाजावे, ऐकू आला की बोट टेकवावे, आणि ज्या नादास कान हुकला तो नाद पुढे मोठा होऊन कानी पडावा, ऐसा बंदोबस्त जाहला. ते कानात बसवून धोंडोजीराव सोप्यात बसले, तो स्वयंपाकघरातून पारूबाईसाहेबांचे पुटपुटणे आले, "इतक्या हाका खांबाला मारल्या असत्या तर खांबबी वळला असता." धोंडोजीराव जागेवरूनच म्हणाले, "वळलो. बोला." पारूबाईसाहेबांच्या हातची पळी खाली पडली. पाठीमागे इतकी वर्षे काय काय बोलून ठेविले याचा त्यांनी मनात हिशेब मांडिला, आणि मग पदर तोंडास लावून बहुत रडल्या.

मग अंतिम सामन्याचा दिवस आला. पलीकडची फौज टेम्पो भरून आली, पुढे त्यांचा कर्णधार इस्माईल मुजावर, शांत आणि चिवट गडी. राज्याची चाल ऐसी की अंतिम सामन्यास पंचाने गुलाबी फेटा बांधावा. धोंडोजीरावांनी तोच फेटा ओढून कानांवर घेतला, की आत काय आहे ते कोणास दिसू नये. येथे मोठी चूक जाहली. मान हलली की कापड यंत्रावर घासे आणि कानात कडब्याची गाडी ओढल्यासारखा खडखडाट होई. अर्धा सामना तसाच गेला. मग हैबतराव चढाईस निघाला, मामांच्या समोर आला, ओठ हलताहेत, आणि कानी कबड्डी येईना. मामांनी दोष फेट्यास दिला. क्षणभर विचार केला की लाज मोठी की न्याय मोठा, आणि मग भर मैदानात फेटा उतरविला आणि काखेत घेतला. दोन्ही कानांत पांढरे यंत्र कुल प्रजेने पाहिले. हशा उसळला. कोणी म्हणे पंचांस गाणी लागली, कोणी म्हणे म्हातारपणी थेर सुचले. धोंडोजीराव हलले नाहीत.

आणि काय सांगावे! मैदान पुन्हा त्यांचे जाहले. भेळवाल्याचा चमचा ऐकू आला, गड्यांचे पाय मातीत घासले ते ऐकू आले, इस्माईल चढाईस आला तर त्याची कबड्डी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सलग आली. मग अखेरची चढाई. अलीकडचे एका गुणाने मागे. हैबतराव शिरला, मधोमध मामांकडे तोंड केले, ओठ हलत राहिले, आणि आवाज नाही. त्या जागी श्वास आत ओढल्याचा बारीक सूऽ ऐसा नाद आला. मग पुन्हा कबड्डी सुरू, दोन गडी शिवले आणि तो मध्यरेषेवर परतला. प्रजा नाचू लागली. फेटा तर काखेत होता, यंत्र तर सारे ऐकवीत होते, मग न ऐकू आलेले ते नव्हतेच. तीन वर्षांचे करंडक कशावर आले ते त्यांस उभ्या जागी कळले. आपली माणसे आपले बहिरेपण जाणून होती आणि त्यावर जिंकत होती, हे दुःख पराभवाहून थोर. शिटी न फुंकावी तर कोणास कळणार होते? भाचा, राज्य, चौथा करंडक, सगळे त्या एका पारड्यात होते. त्यांनी शिटी फुंकिली आणि हात वर केला. "दम तुटला. बाद."

हलकल्लोळ जाहला. अलीकडच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष शिवाप्पा माने, जे ओठांची विद्या पुरती जाणून होते, ते धावत आले आणि म्हणाले की पंचांच्या कानात पलीकडून कोणी हुकूम देते आहे. धोंडोजीराव म्हणाले की फोन घरी चार्जिंगला आहे, आणि मग इस्माईलकडे वळले. "मी पाठ करतो. तू पार टोकाला जा. कबड्डी म्हण, आणि पाहिजे तिथं दम तोड." प्रजा चिडीचूप बसली. इस्माईल टोकास गेला, हळू आवाजात कबड्डी म्हणू लागला, दम चोरून तोडी, पुन्हा धरी, आणि ज्या ज्या जागी तोडी त्या त्या जागी पाठमोऱ्या धोंडोजीरावांचा हात वर जाई. एकदा इस्माईलने निराळी हूल दिली आणि दम न तोडता नुसता थांबल्यासारखा झुकला, पाहणारे फसले, परंतु धोंडोजीरावांचा हात खालीच राहिला. तेव्हा पहिली टाळी पलीकडच्यांनी वाजविली नाही, अलीकडच्या बायकांनी वाजविली, आणि त्यांत पारूबाईसाहेब उभ्या होत्या. शिवाप्पा खाली बसले. करंडक टेम्पोत बसून नदीपार गेला.

धोंडोजीराव एकटे घराकडे निघाले. राज्यातले कोणी बोलेना. मागून हैबतराव धावत आला आणि सवयीप्रमाणे ओरडला की मामा, थांबा, मी येतो. मामा न वळता म्हणाले, "हळू बोल. ऐकू येतंय मला." हैबतरावाचे पाय जागीच थांबले. मग शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यासही कळले नसते इतक्या हळू तो म्हणाला, "मामा, चुकलं माजं." आणि ते मामांनी ऐकिले. चालता चालता म्हणाले, "सकाळी मैदानात ये. तुजा दम वाढवायला पायजे."

येणेप्रमाणे करंडक गेला आणि पंच राहिले. दोन्ही काठ हल्ली सामन्यास त्यांसच बोलावितात आणि हैबतराव भल्या सकाळी मोठ्याने कबड्डी म्हणतो. हे लिहिणारा अलीकडचा, हरलेल्यांतला आहे, आणि लिहिताना त्याची छाती भरून आली. ती भरलेली असताच लेखणी ठेविली.