आप्पांचं सरकतं दुखणं

माझ्या सासऱ्यांचा उजवा पाय दर आठवड्याला थोडा खाली सरकून दुखायचा. आधी गुडघा, मग नडगी, मग पोटरी, मग घोटा. जिना उतरावा तसं शिस्तीत खाली येणारं दुखणं मी तरी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

आप्पा कराडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना इकडे जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला आणलं. मंदार इथं एका कंपनीत इंजिनियर आहे, मी घरून सॉफ्टवेअरचं काम करते. आप्पांना जर्मन येत नाही. “ह्या वयात नवी भाषा कशाला? इंग्रजी आहे की,” असं ते म्हणत. त्यांचं इंग्रजी म्हणजे अर्जाचं इंग्रजी. बेकरीत ब्रेड मागतानाही ते ‘आय बेग टू रिक्वेस्ट’नं सुरुवात करत, आणि काउंटरवरची मुलगी वाक्य संपेपर्यंत हात बांधून उभी राहायची.

एकदा बर्फावरून घसरून त्यांच्या गुडघ्याला मार बसला. तळमजल्यावरच्या कातारीनाबाई चपला न घालताच धावत आल्या. त्या मूळच्या स्लोव्हाकियाच्या. इथल्या इस्पितळात फिजिओथेरपी करून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. जर्मन त्यांना उत्तम येतं, इंग्रजी मात्र नुकतंच शिकायला घेतलेलं. गुडघा चाचपत त्यांनी विचारलं, “कोलेनो… नी… हर्ट?”

“आय बेग टू स्टेट, येस,” आप्पा म्हणाले.

तिथून वर्ग सुरू झाला. दर मंगळवारी दुपारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खाली जात. कातारीनाबाईंकडे स्लोव्हाक-इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं आणि त्यातला पायाचा धडा त्या घोकत होत्या. गंमत म्हणजे त्यातले बरेचसे इंग्रजी शब्द आप्पांनाही नवे होते. कचेरीत जमिनीचे शब्द लागतात, नडगीचे कुठं लागतात? ‘काफ’ म्हणजे वासरू, एवढंच त्यांना ठाऊक. बाईंनी पोटरीवर हात ठेवून “लीत्को, काफ, हर्ट?” असं विचारलं तेव्हा “वी नेव्हर केप्ट कॅटल, मॅडम,” असं त्यांनी नम्रपणे कळवलं.

शिकलेलं सगळं रात्रीच्या जेवणाबरोबर आम्हाला वाढलं जाई.

“सूनबाई, इंग्रज मोठा भांडखोर. पायाची वाटणी करून लेग वेगळा, फूट वेगळा. आपला पाय कसा, मांडीपासून अंगठ्यापर्यंत एकच सातबारा. स्लोव्हाकांचंही तसंच. नोहा म्हणजे अख्खा पाय. बोट हाताचं असो नाहीतर पायाचं, शब्द एकच, प्र्स्त. अंगठाही तसाच, पालेत्स. समजूतदार माणसं.”

आमची लेक ईरा ‘प्र्स्त’ ऐकून हसत ताटावरच लोळायची. तो शब्द म्हणताना आप्पांच्या कवळीतून शिटी वाजायची.

एवढं जमल्यावर आप्पा इंग्रजी शब्द स्लोव्हाकमधूनच पाठ करू लागले. घोटा, च्लेनोक, अँकल. टाच, पेता, हील. मी म्हटलं, “अहो आप्पा, घोटा म्हणजे अँकल असं सरळ पाठ करा की.”

“मधलं टेबल टाळून फाइल पुढं जात नाही,” ते म्हणाले.

पण दुखणं थांबेना. टाचेपर्यंत पोचलं तेव्हा मंदार घाबरला. मी आप्पांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दुभाषी म्हणून माझी गरजच पडली नाही.

“सर, द पेन वॉज ओरिजिनली अॅट कोलेनो, एलियस नी,” आप्पांनी निवेदन केलं. “देअरआफ्टर इट वॉज ट्रान्सफर्ड टू काफ. अॅट प्रेझेंट इट इज पोस्टेड अॅट हील.”

डॉक्टरांनी पाय दाबला, वळवला, एक्स-रे पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तर, ह्या पायाला काहीही झालेलं नाही.”

परतताना आप्पा इतके झपझप चालत होते की मला धाप लागली. घराजवळ आल्यावर म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले ते तळमजल्यावर बोलू नका.”

मला वाटलं, एकट्या माणसाला कुणीतरी विचारपूस करावी असं वाटतं, म्हणून हे नाटक. दुसऱ्या दिवशी मी वाटीभर शिरा घेऊन कातारीनाबाईंकडे गेले. त्या बॅग भरत होत्या.

“माझी मुलगी आयर्लंडमध्ये असते,” त्या जर्मनमध्ये सांगू लागल्या. “तिच्या मुलीचा पाय जन्मापासून वाकडा. आता ऑपरेशन झालंय. पोरीला चालवायला मी निघालेय. पण तिला फक्त इंग्रजी येतं. आयुष्यभर लोकांचे पाय चालते केले, आणि स्वतःच्या नातीला कुठं दुखतंय ते विचारता येत नव्हतं. पुस्तकातलं डोक्यात राहत नाही हो. तुमच्या सासऱ्यांना मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि पुढच्याच मंगळवारी त्यांची नडगी दुखायला लागली. देव मला क्षमा करो, त्यांच्या दुखण्यावर मी शिकले. मी विचारायचं, त्यांनी सांगायचं. पण ते अजून बरे नाहीत, आणि मला शुक्रवारी जायचंय. त्यांना असं सोडून जायची लाज वाटते.”

मी कसंबसं म्हटलं, “त्यांना बराच आराम आहे. तुमच्यामुळे.”

शुक्रवारी आप्पांनी त्यांची बॅग बसस्टॉपपर्यंत ओढत नेली, चांगलं लंगडत.

“मिस्टर आप्पा, व्हेअर डझ इट हर्ट टुडे?” बाईंनी विचारलं. एकही शब्द अडखळला नाही.

“बिग टो ओन्ली. व्हेरी लिटल. इट इज गोइंग.”

“पालेत्स,” बाई हसल्या, आणि बसमध्ये चढल्या.

बस कोपऱ्यावर वळेपर्यंत आप्पा एका पायावर भार देऊन हात हलवत राहिले. मग सरळ झाले आणि चालू लागले.

“पोचल्या की फोन करणार आहेत,” ते म्हणाले. “विचारतील, आता कुठं दुखतंय. पाय तर सगळा संपवून टाकला मी.”

चार पावलं गेल्यावर ते थांबले. “सूनबाई, कोपराला इंग्रजीत काय म्हणतात?”

“एल्बो.”

“आणि स्लोव्हाकमध्ये?”

मला कुठून माहीत असणार?

“असू दे,” आप्पा म्हणाले. “त्यांनाच विचारीन.”