शेवंतीच्या पायाखालची ओल

या, अजून थोडं पुढं सरका. मागच्यांनी भिंतीचा टेका सोडावा. टेकून ऐकलेली कथा अर्धी झोपेला जाते. कीर्तनाला रंग चढायचा तर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली हवीत. आज एका घोडीची गोष्ट आहे आणि ती हसत ऐकायची आहे. पण घोडीचे पाय दुखत होते, एवढं हसताना विसरू नका.

घोडी खजुरीच्या बाबूलालची. नाव शेवंती. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा टिळा, म्हणजे पंचकल्याणी. पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून बोहल्यावर गेलेले. बाबूलाल आणि त्याची बायको शोभाबाई, दोघांनी तिला लेकीसारखी वाढवली होती. लेकीला कधी बोलले असतील, शेवंतीला नाही.

त्या साली पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. चैत्र लागला तेव्हा काळ्या रानात अशा भेगा पडल्या होत्या की पहार आत गेली तर परत येण्याची खात्री नव्हती. वाटा दगडासारख्या वाजायच्या. बैलाचं बरं असतं, तो जमिनीला विचारून पाऊल टाकतो. घोडं पाय आपटतं. एक दिवस शेवंती पुढचा एक पाय उचलून उभी राहिली. थोड्या वेळानं दुसरा उचलला. बाबूलालनं तडक आळंदला निरोप धाडला.

आळंदचे जनावरांचे डॉक्टर आले. खूर उचलून बघितला, बोटानं वाजवला.

"बाबूलाल, खूर वाळून काचेसारखा झालाय. तडे वर चढायलेत. नवा खूर खाली येईपर्यंत हिला सकाळ-संध्याकाळ चिखलात उभी करायची, तेल लावायचं, आणि कडक वाटेवर एक पाऊल न्यायचं नाही. ऐकलं नाहीस तर जन्माची लंगडी होईल."

"चिखल? डॉक्टरसाब, गावात पाणी टँकरचं. चिखल कुठनं आणू?"

"ते मी काय सांगू?" म्हणत डॉक्टर गाडीवर बसले.

त्यात वैशाखात लिंगराजअण्णांच्या नागेंद्रचं लग्न. अण्णा पंचायतीचे सदस्य. त्यांनी आधीच बजावलेलं, "हिच्या आईवर मी बसलो होतो. माझा लेक हिच्यावरच बसंल." आणि बाबूलालनं हो म्हटलेलं.

"दुसरी घोडी सांगावी का गं अण्णाला?" त्यानं बायकोला विचारलं.

"दुसरी आली की गाव मनंल, शेवंती संपली," शोभाबाई म्हणाली. "एकदा संपली मनलं की व्यापारी दारात येऊन हुबा ऱ्हातो. न्हाई. शेवंती ह्या दारातून आपल्या पायानं वरातीला जाईल. मी बगते."

आता पंचायतीनं भोंग्यावरून सांगितलेलं होतं की जो पाण्याचा थेंब मातीत घालील त्याची टँकरची घागर बंद. पण शोभाबाईनं त्यातून वाट काढली. पितळी घंगाळ माळ्यावरून खाली आलं. त्या दिवसापासून नवरा-बायको घंगाळात बसून आंघोळ करू लागले. आंघोळीचं, भांड्यांचं, ज्वारी धुतलेलं, सगळं पाणी मागच्या परसात शेवंतीच्या पायाखाली.

बाबूलाल उंचापुरा. घंगाळात बसला की गुडघे कानाला लागायचे.

"शितोडे उडवू नगासा!" चुलीपासून आवाज यायचा. "ते शेवंतीचं हाय!"

"अगं, मग मी अंग धू का नको?"

"धुवा की. पर हळू धुवा."

हे दोघांनी कुणाला सांगितलं नाही. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हे घोडीला चिखल करतात, असं कुणीही म्हटलं असतं. पाणी वापरलेलं आहे हे ऐकायला थांबतंय कोण? शेवंती मात्र चिखलात पाय रोवून, डोळे मिटून उभी राहायची. ओल पायाला लागली की हलायचं नाही, हे तिला बाबूलालनं चुचकारून शिकवलं होतं. हळूहळू खुराला तकाकी आली. पाय उचलणं थांबलं.

पण ओल लपत नाही. चिमण्या आल्या, मधमाश्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग शेजारचा रेवणप्पा भिंतीवरून डोकावला. भर दुपारी जमीन ओली! शेजारी चार पाती हरळीसुद्धा उगवलेली.

"बाबूलाल! हे काय गा?"

"काय न्हाई. घोडीनं मुतलं आसंल," बाबूलाल घाईनं म्हणाला.

"येवढं? घोडी हाय का टँकर?" रेवणप्पा भिंत उतरून आलाच. "खाली शीर हाय गा! जित्ता झरा! अन् तू गावाला सांगंना व्हय?"

दुसऱ्या दिवशी रेवणप्पानं चिटगुप्प्याहून काशप्पा पाणाड्याला आणलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून काशप्पा चालायचा. नारळ उभा राहील तिथं पाणी. निम्मं गाव परसात गोळा झालं. डोळे अर्धे मिटून काशप्पा एकेक पाऊल टाकत चिखलाशी आला, आणि त्याचा पाय सटकला. तो तोल सावरत गोल फिरला, हात वर गेला, आणि नारळ तळहातावर ताडकन उभा!

"हर हर महादेव!" गाव ओरडलं.

काशप्पानं नारळाकडं बघितलं. आयुष्यात इतका सरळ नारळ त्याच्याही हातावर कधी उभा राहिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. "लै जोराची शीर हाय," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला आतून ओढ लागली होती. ती घसरण्याची होती एवढंच.

लिंगराजअण्णांनी लगेच कुदळी मागवल्या.

"अण्णा, हितं नगं," बाबूलाल आडवा आला. "घोडीची जागा हाय."

"घोडी लिंबाखाली बांध. गावाला पाणी नगं व्हय तुला?"

बाबूलालनं दावं सोडलं. घोडी लिंबाखाली गेली. तरण्यांनी खणायला घेतलं. वीतभर मऊ लागलं आणि त्याखाली कुदळीतून ठिणग्या. संध्याकाळपर्यंत खड्डा झाला, पाणी नाही. काशप्पा म्हणाला, "शीर दबकून बसली. जरा थांबा."

थांबायला शेवंतीच्या पायांना वेळ नव्हता. शोभाबाईनं पहाटेच घंगाळ लिंबाखाली नेऊन ओतलं. आणि सकाळी रेवणप्पा पुन्हा भिंतीवर.

"अण्णाऽऽ! झरा सरकला! लिंबाखाली गेला!"

लिंबाखाली दुसरा खड्डा झाला. शेवंती आता गोठ्याच्या दाराशी बांधली. दुसऱ्या दिवशी ओल गोठ्याच्या दाराशी.

"उद्या माझ्या चुलीखाली खांदतील," शोभाबाई पुटपुटली. "पर पाणी मी थांबवणार न्हाई."

काशप्पा दोन्ही खड्ड्यांच्या मधे बसून बराच वेळ विचार करत होता. शेवटी उठला आणि शेवंतीला हात जोडले.

"आपण चुकलो. पाणी जमिनीत न्हाई, घोडीच्या मागं हाय. पंचकल्याणी जिथं हुबी ऱ्हाते, तिथं गंगा वर येते."

झालं! बाया आरत्या घेऊन आल्या. शेवंतीच्या खुरांवर हळद पडली, कुंकू पडलं. शेवंतीनं एका ताटातला हार खाल्ला. तो प्रसाद मानला गेला. बाबूलाल भिंतीला पाठ लावून उभा. विहारात दर रविवारी वंदना घेणारा माणूस तो. चमत्काराची गोष्ट त्याच्या घरात कुणी कधी केली नव्हती, आणि आता चमत्कार त्याच्याच दावणीला बांधलेला.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "बाबूलाल, घोडी सोड. माझ्या माळाच्या शेतात नेऊ. तिथं रातभर बांधू."

"मग माझ्या," रेवणप्पा.

"त्याच्या मागनं आमच्या!" पाठीमागून आवाज उठले. हलगीवाला कुणी बोलावला, कुणास ठाऊक, पण तोही आला.

माळाची वाट म्हणजे नुसता दगड. बाबूलालच्या डोळ्यांपुढं शेवंतीचा खूर उभा चिरलेला दिसला. अण्णांनी दाव्याला हात घातला आणि शोभाबाई घंगाळ घेऊन गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"घोडी जाणार न्हाई. तुमची गंगा ही बगा. आमच्या दोघांच्या आंगुळीचं पाणी हाय. हिचे खूर फुटायलेत, मनून रोज ओततो. माळावर नेलं तर शेवंती जन्माची बसंल."

लोकांनी घंगाळात वाकून बघितलं. मग रेवणप्पा हसला.

"अक्का, घोडी द्यायची न्हाई तर तसं मन की. देवाची निंदा कामून करायलीस?"

"व्हय व्हय," लोक म्हणाले. खरं एवढं साधं असेल, हे कुणालाच पटेना.

बाबूलालनं एकदा शेवंतीकडं बघितलं. मग सदरा काढला. घंगाळ परसाच्या मधोमध ठेवलं, घागरीतलं पाणी तांब्यानं मोजून घेतलं आणि पट्ट्याच्या चड्डीवर, अख्ख्या गावासमोर, गुडघे कानाला लावून तो घंगाळात बसला.

"आरं, हे काय करायलास?" अण्णा.

"गंगा आणायलो," बाबूलाल साबण लावत म्हणाला.

बायांनी तोंडं फिरवली, मग पदराआडून बघितलं. हलगीवाल्याला काय सुचलं देव जाणे, त्यानं हळूच ठेका धरला. बाबूलालनं पाठ चोळली, मान चोळली, एक थेंब बाहेर न सांडता उठला. शोभाबाईनं घंगाळ उचलून शेवंतीच्या पायाशी ओतलं. शेवंतीनं पाय रोवले, डोळे मिटले. झरा आला.

"हे आजचं झालं," रेवणप्पा अजून चिकाटी सोडेना. "कालचं कशावरनं?"

तेव्हा गर्दीतून अण्णांची आई पुढं झाली. मल्लम्मा. काठी टेकत आली, वाकली, कालच्या ओलीतली चिमूटभर माती उचलून नाकाशी नेली.

"शिकेकाई," म्हातारी म्हणाली. "कोणत्या गंगेत शिकेकाई असती रे, रेवण्या?"

परसात जे हसू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. काशप्पाही हसला, जरा उशिरा, पण हसला. अण्णा मात्र तापले.

"मग आदी का सांगितलं न्हाईस, बाबूलाल?"

"सांगितलं आसतं तर तुमी मनला आसता, माणसाला घोटभर न्हाई अन् घोडीला चिखल."

अण्णांचा हात अजून दाव्यावरच होता.

"मनलाच आसतास," मल्लम्मा लेकाला म्हणाली. "दावं सोड. तुज्या लेकाला वरातीत बसायचंय का माळावर?" आणि शोभाबाईकडं वळून म्हणाली, "पोरी, उद्यापासून माझ्याबी आंगुळीचं पाणी घेऊन जा. म्हातारीची आंगुळ, मळ थोडा, पाणी चांगलं."

पाहता पाहता गल्लीतल्या घराघरातून बादल्या येऊ लागल्या. खड्ड्यांतून निघालेली भुसभुशीत माती शेवंतीच्या पायाखाली पसरली. रेवणप्पा रोज भिंतीवरूनच बादली द्यायचा आणि म्हणायचा, "आज डोक्यावरनं केली गा, जास्त हाय."

लग्नाच्या दिवशी डॉक्टर खूर बघून गेले. "चालेल. पण वाट मऊ पाहिजे."

मल्लम्मानं गल्लीला हुकूम सोडला: आज कुणाचं पाणी मोरीत जायचं नाही. लग्नघर म्हटल्यावर आंघोळी किती आणि भांडी किती! बसवण्णाच्या देवळापासून मांडवापर्यंत वाट अशी भिजली की पाऊल टाकलं तर उमटावं.

नागेंद्र बाशिंग बांधून शेवंतीवर बसला. बँड वाजला. शेवंती निघाली, पाय सरळ, चाल देखणी. बाबूलालचा ऊर भरून आला. एवढ्यात ओल पायाला लागली. शेवंती थांबली. पाय रोवले. डोळे मिटले.

"चल माय," बाबूलाल म्हणाला. शेवंती कुठली चालते! शहाणी घोडी, शिकवलेलं तेच करत होती. बँडवाल्यांनी गाणं बदललं, पुन्हा बदललं. मांडवातून निरोप आला, मुहूर्त टळतोय.

"वढ की दावं!" अण्णा ओरडले.

"अण्णा, वढलं तर पाय आपटंल."

नवरदेवानं वरून खाली बघितलं. आजीकडं बघितलं. आणि बाशिंग सावरत सरळ चिखलात उडी मारली. "चल शेवंते," म्हणत दावं धरून चालू लागला. आता पाठीवर ओझं नाही, पुढं चिखल तुडवत चालणारा माणूस. शेवंती त्याच्या मागून डुलत निघाली. अशी वरात खजुरीनं आधी पाहिली नव्हती. नवरदेव पायी, घोडी मोकळी.

मांडवाच्या दारात शेवंती कोरड्या जागी चार पायांवर ताठ उभी राहिली, लंगडण्याची खूणसुद्धा नाही. नागेंद्र गुडघ्यापर्यंत चिखलात. आत नवरी भुवनेश्वरीनं पदर तोंडात धरला, तरी हसू ऐकू आलंच. जावयाचे पाय धुवायला सासूबाई नागरत्ना परात घेऊन आल्या. रीत म्हणून लोक अंगठ्यावर पाणी सोडतात. त्या माउलीला हात लावून, घासून धुवावे लागले. परात काठोकाठ भरली.

कुणीतरी ती मोरीकडं नेऊ लागलं, तोच मागून हाक आली.

"विहीणबाई, ते पाणी टाकू नगासा!"

शोभाबाई होती. जरीचं लुगडं, केसात गजरा, आणि काखेत घंगाळ.

कथा एवढीच. देवाचं नाव तुम्ही घेताच, त्याला माझ्या सांगण्याची गरज नाही. पण उद्या सकाळी आंघोळ झाली की मोरीत पाणी सोडण्याआधी हात जरा थांबवा, आणि खजुरीच्या शोभाबाईला एकदा आठवा.