पोफळ्यांची ट्रायल

आमच्या शेजारचे पोफळे आगकाडी उभी चिरत. ब्लेडने, गुलापासून खालपर्यंत, एका काडीच्या दोन. काडी डोळ्याजवळ न्यायची, श्वास रोखायचा आणि ब्लेड दाबायचं. निम्म्या काड्यांचा गुल उडून जाई, उरलेल्यांतल्या बऱ्याच पेटवताना मोडत, आणि एकदा त्यांचं बोट असं कापलं की टाके घालावे लागले. पट्टी बांधलेला हात वर करून ते मला म्हणाले, "वहिनी, अमान्य!"

मुलांनो, तिकडे तुम्ही रविवारी वर्तमानपत्रातली कूपनं कापत बसता आणि पैसे वाचवायच्या युक्त्या करून पाहता, असं तुमच्या आईने कळवलं. असले सल्ले ऐकण्यात अर्थ असतो का, असं तुम्ही विचारलंत. या प्रश्नाला माझ्याजवळ एका शब्दाचं उत्तर नाही, पण पोफळे आहेत.

पिंपरीत तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. पोफळे त्यांतल्या एकात, कामाला किती वेळ लागतो ते मोजायच्या खात्यात होते. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं आणि कुठलं मिनिट फुकट गेलं ते लिहायचं. साहजिकच कामगारांचं त्यांच्यावर फार प्रेम नव्हतं. तुमचे आजोबा त्याच कारखान्यात असल्यामुळे तिथले किस्से घरी येत. चिखलीचा एक लेथवाला त्यांना सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सायेब, आत्ता आमी शिंकलो, त्येचा टाइम धरलाय का न्हाई?" पोफळ्यांनी कागद पाहून शांतपणे सांगितलं, "धरलाय. दोन शिंका." 

घरी आल्यावरही त्यांचं घड्याळ थांबत नसे. मासिकांतून येणाऱ्या काटकसरीच्या युक्त्या कापून ते एका फायलीत लावत आणि प्रत्येक युक्ती स्वतः करून बघत. "ट्रायल घेतल्याशिवाय बोलायचं नाही, वहिनी." ट्रायल झाली की कात्रणावर लाल पेन्सिलीने मान्य किंवा अमान्य. मराठी मासिकं संपली तेव्हा त्यांना शोध लागला की शेजारच्या बाई इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्या आहेत. मग ते दर रविवारी माझ्याकडे येऊ लागले. माझ्याजवळची जुनी इंग्रजी मासिकं मी वाचायची, मराठीत सांगायची, त्यांनी लिहून घ्यायचं. चहा आमच्याकडेच होई. "घरची साखर वाचवायला येतो असं समजू नका हं," असं ते न विचारता सांगत. तुमचे आजोबा पेपरामागून म्हणत, "आम्ही कुठे काय म्हटलं?"

काही युक्त्या खरोखर चांगल्या निघाल्या. भिजवलेल्या कडधान्याला रॉकेल कमी लागतं, हे मी त्यांच्यामुळे शिकले. पण साबणाच्या चिपट्या वितळवून नवी वडी करायची, वापरलेली ओलसर चहाची पूड फरशीवर पसरून धुळीसकट झाडून काढायची, जुने स्वेटर उसवून लोकर पुन्हा गुंडाळायची, ही कामं पोफळे करत नसत. ती त्यांची बायको कमल करी. सुटीच्या दिवशी पोफळे शेजारी घड्याळ घेऊन उभे, साबण किती मिनिटांत वितळतो ते बघत. साताऱ्याकडची ही शांत बाई, दुपारभर चिपट्या ढवळत बसे आणि मला खिडकीतून हसून दाखवी. वाचायचे चार आणे आणि जायची अख्खी दुपार. ही दुपार त्या फायलीत कुठेच लिहिलेली नव्हती. मला ते दिसत होतं. मी बोलले नाही, कारण रविवारची ती वाचनं मला आवडत होती. इंग्रजी वाचून दाखवायला दुसरं कोण होतं मला?

एका रविवारी मी त्यांना चादरीची युक्ती सांगितली. चादर मध्ये विरली की ती उभी फाडायची, दोन्ही कडा मध्ये आणून शिवायच्या. पोफळे खूश झाले. "म्हणजे आपला लुगड्याचा दंडच की हो!" तुम्हाला दंड माहीत नसेल. लुगडं विरलं की आपल्याकडच्या बायका तेवढा भाग कापून काढत आणि उरलेले तुकडे जोडून तेच लुगडं पुन्हा नेसत. त्या जोडाला दंड म्हणतात.

पुढच्या आठवड्यात पोफळ्यांनी कमलच्या ट्रंकेतलं एक इरकली लुगडं काढलं. घडीवर विरत चाललं होतं. तिला न सांगता ते बाजारातल्या शिंप्याकडे घेऊन गेले. शिंपी म्हातारा, अनुभवी. तो म्हणाला, "साहेब, बाईंना विचारलंय ना?" पोफळे म्हणाले, "तिला आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

धक्का बसला. भिंतीपलीकडून मला फक्त कमलचा आवाज आला, तोही मोठा नव्हता. "माझ्या आईच्या प्रत्येक लुगड्याला दंड होता. जन्मभर जोडलेलंच नेसली ती. तिने मला दिलेलं हे एक बिनदंडाचं होतं. म्हणून मी ते नेसत नव्हते, ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला भावाकडे निघून गेली. कधी येणार, ते तिने सांगितलं नाही.

त्या रविवारी पोफळे फाईल घेऊन आले, पण उघडली नाही. "वहिनी, मापात चूक नव्हती हो. एक वीतसुद्धा कापड वाया गेलं नाही."

मला राग आला, त्यांचा आणि माझाही. "भाऊजी, कारखान्यात तुम्ही माणसाच्या मिनिटाला भाव लावता. घरात कमलच्या एका तरी दुपारचा भाव लावलात का? आणि त्या लुगड्याचा?"

त्यांनी फाईल पुन्हा काखेत घातली. मग म्हणाले, "त्याचा रकानाच नव्हता." चहा न घेता उठले.

पुढे रॉकेल मिळेनासं झालं. दुकानापुढे डबे रांगेत लावून बायका घरी जात, डबे दिवसभर उभे. तेव्हा पोफळे पुन्हा आले. "कमी रॉकेलात अन्न शिजवायचं काही आहे का तुमच्या इंग्रजीत?" होतं. लढाईच्या काळातलं एक पुस्तक होतं. भात स्टोव्हवर चढवायचा, नीट उकळी आली की झाकणासकट उतरवायचा आणि गवत ठासलेल्या पेटीत बंद करायचा. आपल्याच वाफेवर शिजतो आणि तासन्‌तास गरम राहतो. पोफळ्यांनी भंगारातून एक खोकं विकत आणलं. परदेशी यंत्रं ज्यात गुंडाळून येत ती लाकडाची कुरळी कात्रणं त्यात ठासली. मी त्यांना पुस्तकातली अटही सांगितली होती, की पातेलं भरलेलं हवं, मूठभर भात त्यात गार होतो. "एकट्या माणसाला ही पेटी परवडायची नाही, भाऊजी." 

"ट्रायल घेऊ," ते म्हणाले.

सकाळी कामावर जाण्याआधी ते दोघांचा भात पेटीत ठेवत आणि घराची किल्ली माझ्याकडे देत. परतल्यावर त्यातला थोडा खात, उरलेला सकाळी फोडणीला. तरी उरेच, तो गाईला. हे महिनाभर पाहिल्यावर मला राहवलं नाही. दुपारचं जेवण त्यांना कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मिळत होतं, तेही स्वस्तात.

"भाऊजी, तुम्ही जेवता कारखान्यात. मग दुपारी हा भात गरम राहून उपयोग काय? तांदूळ वाया, रॉकेल वाया."

ते किल्ली देता देता थांबले. "साताऱ्याहून सकाळच्या गाडीने निघालेलं माणूस स्वारगेटला बस बदलून दीडच्या सुमाराला इथे पोचतं. मी दोनदा जाऊन येऊन पाहिलंय." मग किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "दारापर्यंत गेलो नाही. स्टँडवरूनच परत. तिने बोलावलेलं नव्हतं."

त्या दिवशी मी कमलला पत्र लिहिलं. पेटीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, ते सांगणं माझं काम नव्हतं. एवढंच लिहिलं, की चादरीची ती युक्ती वाचून दाखवणारी मी होते, आणि तुझ्या दुपारी मला दिसत असून मी गप्प बसले.

उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी एका मंगळवारी कमलच आली, हातात पिशवी. मी किल्ली घेऊन तिच्याबरोबर आत गेले. तिने स्वयंपाकघरातलं खोकं पाहिलं, वरची कात्रणं बाजूला केली, झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली.

"ताई, मी आज येणार हे यांना कुणी कळवलं?"

"कुणीच नाही."

"मग हा भात?"

"रोज असतो," मी म्हटलं. "दोघांचा."

ती खोक्याजवळ खाली बसली. सकाळपासून तिच्या पोटात काही नसावं, ओठ सुकलेले होते. मी ताट घ्यायला वळले, तर तिने मला थांबवलं. झाकण नीट बसवलं, कात्रणं पुन्हा हाताने दाबून दाबून ठासली आणि विचारलं,

"चार वाजता येतात ना ते? तोवर राहील का हो हे गरम?"

पुस्तकात इतक्या वेळाचं काही लिहिलेलं नव्हतं. आणि झाकणही उघडलं गेलं होतं. 

"राहील," मी म्हटलं.