माझा तयार कान आणि मोटरहोमचा बेल्ट

माझा कान तयार आहे. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, उलट बरंच कमी करून सांगतोय. रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. पलीकडे गाणारा गात असायचा आणि मी काचेआडून सांगायचो, "तुमच्या खुर्चीचा डावा मागचा पाय सैल आहे." निघायचाच सैल! आजही घरात बसल्या बसल्या मी सांगू शकतो, की वरच्या मजल्यावरचे डॉक्टर कुठले बूट घालून निघालेत आणि शेजारच्यांच्या फ्रिजचं दार नीट लागलंय की नाही. शेजाऱ्यांना हे सांगायला गेलं तर ते खूश होत नाहीत, हा भाग वेगळा.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनं मोटरहोम घेतलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे म्हणजे बसच्या पोटात कोंबलेलं घर. मागे पलंग, मध्ये ओटा आणि कपाटं, पुढे ड्रायव्हर. आणि इंजिन? तेही घरातच! पुढच्या दोन सीटांच्या मधोमध एक मोठं झाकण असतं, ते उचललं की खाली इंजिन. त्यामुळे ते बिघडलं की आपल्या दिवाणखान्यात बिघडतं. बायकोने पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "हे परत घेतात का?"

परत घेत नव्हते. पण सासूबाईंमुळे गाडीचं नशीब उघडलं. सासूबाई आमच्याकडेच असतात. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसवत नाही. कमरेला पट्टा आवळला तर कशाबशा जेवणापुरत्या बसतात, त्यामुळे बस आणि आगगाडी कधीच बंद झालेली. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे माझी मेहुणी, डोंगरापलीकडे तळ्याकाठी राहते. तिला घाटात इतकी गाडी लागते की पहिल्या वळणालाच तिचा चेहरा हिरवा होतो. म्हणून मायलेकी कित्येक वर्षं फोनवरच भेटत होत्या. बोलणं संपल्यावर सासूबाई बराच वेळ तो फोन हातात धरून पडून राहायच्या.

मोटरहोममध्ये पलंग आहे, आई त्यावर झोपून जाऊ शकेल, हे बायकोच्या डोक्यात आलं आणि बेत ठरला. रविवारी निघायचं, दुपारचं जेवण थोरलीकडे. बायकोने मला समोर बसवून सांगितलं, "आईला ताईच्या दारात नेऊन पोचवा. मग ही गाडी जन्मभर आपल्या दारात उभी राहिली तरी मी चकार शब्द काढणार नाही. नाही पोचलो, तर सोमवारी ही विकायची."

आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी चिरकायला लागली. किल्ली फिरवली की चीं, चीं, चीं! शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी. पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडक्यांत आली. बायको म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. मी नुसता हसलो. मेकॅनिक हातांनी काम करतो, आवाज ओळखणं हे कानाचं काम आहे. निदान मी करणार, त्याने फक्त पाने फिरवायचे.

इंजिनाचा बेल्ट चिरकत असेल तर एक सोपी परीक्षा असते. इंजिन चालू ठेवून बेल्टवर थोडं पाणी उडवायचं. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे असं समजायचं. क्षणभर थांबून पुन्हा आला, तर ज्या पुल्यांवरून बेल्ट फिरतो त्यांतली एखादी तिरकी बसलीय. मी इस्त्रीची पाण्याची बाटली आणली, झाकण उघडलं आणि फवारा मारला. इंजिनाच्या पंख्याने त्यातलं निम्मं पाणी माझ्या चष्म्यावर आणि उरलेलं बायकोने नुकत्याच लावलेल्या पडद्यांवर परत पाठवलं. पण आवाज थांबला! आणि लगेच पुन्हा सुरू झाला. पुली! मी भिजलेल्या अवस्थेत टाळी वाजवली.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण मी व्यावसायिक माणूस. मी फोनला माझा जुना चांगला माइक जोडला आणि तो आवाज रेकॉर्ड करायला बसलो. नेमकी त्याच वेळी बायको वर गॅलरीत येऊन काहीतरी बोलायला लागली. मी वर न बघता खिडकीतून हात बाहेर काढून पंजा दाखवला. आमच्या स्टुडिओत त्याचा अर्थ 'शांतता' असा होता. ती आत गेली.

रेकॉर्डिंग इतकं झकास झालं होतं की काय सांगू! मी ते गाडीच्या स्पीकरवर लावून ऐकलं. पुढचे स्पीकर आधीच्या मालकाच्या काळातच मेलेले, पलंगाच्या डोक्याशी असलेला एकच चालतो. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, अशी सोय करून मी पलंगावर आडवा पडलो आणि डोळे मिटून ती चीं चीं मनसोक्त ऐकली.

मेकॅनिकलाही मी आधी तेच ऐकवायला गेलो. तो म्हणाला, ते राहू द्या, गाडी दाखवा. मी रागाने फोनच बंद केला, तो थेट घरी येऊन सुरू केला. त्याने बघितलं तर पुली खरोखरच तिरकी! त्याने ती बदलली, नवा बेल्ट चढवला आणि आवाज गायब झाला. मी त्याच्याकडे मोठ्या अपेक्षेने पाहिलं. "बेल्ट नाहीतर पुली, दोन्हींतलं एक असतंच, साहेब," तो हात पुसत म्हणाला. कलावंताची कदर सगळ्यांना नसते.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सासूबाई मागे पलंगावर उशांमध्ये, बायको माझ्या शेजारी, मांडीवर डब्यांची पिशवी. मी निघता निघता थोरलीच्या यजमानांना, म्हणजे माझ्या साडूंना, फोन लावला आणि सांगितलं, "निघालोय. गाडीचा आवाज म्हणाल तर मुंगी चालावी तसा." फोन ठेवला, कोपऱ्यावर वळलो आणि मागून आवाज आला, चीं, चीं, चीं!

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आरशात पाहिलं. आरशात काही दिसत नव्हतं, पण कुठेतरी पाहायला हवं होतं.

मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, तर आवाज बंद. पुन्हा चालू केलं, तर थोड्या वेळाने पुन्हा चीं! म्हणजे इंजिनच. झाकण उघडलं, बाटली काढली, पाणी मारलं. आवाज थांबेना, वाढेना, कमी होईना. माझ्या सगळ्या अभ्यासात असा बेल्ट कुठे भेटला नव्हता. मी आणखी पाणी मारलं. बायकोने मुकाट्याने पदराने डबे झाकले.

तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "जावईबापू, या इंजिनात कुणीतरी 'अहो' म्हणतंय."

आता, सासूबाईंचा एक कान वयानुसार विश्रांती घेतोय. मी मोठ्याने आणि आदराने त्यांना समजावलं की इंजिन 'अहो' म्हणत नाही, आणि म्हटलंच तर मला आधी ऐकू येईल. तरी मागे जाऊन खात्री केली. आवाज मागे जास्त स्पष्ट येत होता! मी बायकोला समजावून सांगितलं, की आवाज पुढे निघतो, मागच्या भिंतीवर आपटतो आणि तिथून परत फिरतो. हे समजावताना मध्येच बायकोने हाक मारल्यासारखं वाटलं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग मी बायकोला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि रिकाम्या रस्त्यावर गाडी रांगत चालवायला सांगितली. मी ओट्याखालच्या कपाटातून लाटणं काढलं, त्याचं एक टोक इंजिनाच्या कडेला टेकवलं आणि दुसरं कानाला. डॉक्टर छाती तपासतात तसं. शेजारून एक सायकलवाला चालला होता. त्याने आत डोकावून पाहिलं, आणि जमिनीवर पालथा पडून लाटण्याशी कुजबुजणारा माणूस बघून तो गाडीला मागे टाकून पार दिसेनासा झाला. लाटण्यातून नुसती गुरगुर ऐकू येत होती, चीं कुठेच नाही. लाटणंच सदोष असावं.

शेवटी गाडी कडेला थांबवायला सांगून, इंजिन चालू ठेवून मी मेकॅनिकला फोन लावला. त्याचा आवाज थेट सासूबाईंच्या डोक्याशी घुमला. त्या दचकून म्हणाल्या, "मघाशी बाई होती, आता बुवा आला." मी म्हटलं, बेल्ट चिरकतोय, हे ऐका! आणि फोन इंजिनावर धरला. शांतता. नवं इंजिनसुद्धा इतक्या शहाण्यासारखं चालत नसेल.

"छान चाललंय की, साहेब," मेकॅनिक म्हणाला.

फोन ठेवला. चीं! पुन्हा लावला. शांतता. मेकॅनिकने तिसऱ्यांदा फोन उचलला तेव्हा त्याने बायकोला द्यायला सांगितलं आणि माझं जेवणखाण, झोप वगैरे ठीक आहे ना, असं विचारलं.

समोर घाट सुरू होत होता. घाटात बेल्ट तुटला तर स्टिअरिंग जड होतं, इंजिन तापतं. मागे पलंगावर सासूबाई. माझी सगळी हौस एका क्षणात उतरली आणि खरंच भीती वाटली. मी बायकोला म्हटलं, "परत जाऊ या. सोमवारी विकून टाकतो गाडी."

तिने मागे आईकडे पाहिलं. मागून सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. फोनवर बोलू की ताईशी." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ते ऐकून मला स्वतःचे दोन्ही कान उपटून घ्यावेसे वाटले. बायको उठून मागे त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी ड्रायव्हरच्या जागी बसून गाडी वळवायला घेतली.

"इंजिन बंद करू नका," मागून बायकोचा आवाज आला. "इकडे या."

गेलो. तिने बोटाने डोक्यावरचा स्पीकर दाखवला. आम्ही तिघंही ऐकत राहिलो.

चीं, चीं, चीं. "अहो." चीं, चीं. "अहो, ऐकताय का? आईचा पट्टा इथे गॅलरीत वाळत घातलाय. निघताना तेवढा आठवणीने घ्या." चीं, चीं. मग जरा थांबून, "बरं झालं, हात दाखवलात. घ्या हं." आणि पुन्हा पहिल्यापासून चीं, चीं, चीं.

माझं रेकॉर्डिंग! किल्ली फिरवली की माझा फोन आपणहून गाडीला जोडला जात होता आणि ते लावत होता. कुणाला फोन केला की तेवढ्यापुरतं थांबवत होता. बायकोने माझ्या खिशातून फोन काढला, बटण दाबलं, आणि गाडीत अशी शांतता पसरली की नव्या बेल्टची साधी सळसळ ऐकू यायला लागली.

"मी मघापासून सांगतेय," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने मला दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "पट्टा घेतलात?" दुसरी, "खुर्चीचा पाय तुम्हाला काचेआडून ऐकू येतो ना?" मी म्हटलं, रेकॉर्डिंग आत्ताच्या आत्ता पुसून टाकतो. ती म्हणाली, "पुसू नका. राहू दे."

घाट आम्ही लोण्यासारखा चढलो. थोरलीच्या दारात गाडी थांबली तेव्हा जेवणं अजून व्हायची होती. पण पट्ट्याशिवाय सासूबाईंना उतरून बसता येईना. मग थोरलीच गाडीत चढली. ती आईच्या उशाशी बसली, आईचा हात हातात घेतला, आणि दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं फोनवर बोलून झालेलं होतं. मग ताटं गाडीतच आली आणि थोरलीने आईला घास भरवले. मी तोंड फिरवून गाडीच्या पायरीवर ताट घेऊन बसलो.

साडू आत जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसले आणि गाडीचं कौतुक करायला लागले. एवढा चिरकणारा बेल्ट तुम्ही नुसत्या आवाजावरून ओळखलात, हे कसं काय जमतं, असं त्यांनी विचारलं. मी घास गिळला, पाठ ताठ केली आणि म्हटलं, "कान तयार लागतो."

"अहो," मागून हाक आली.

मी एका क्षणाचाही उशीर केला नाही. ताट पायरीवर ठेवलं, दोन उड्यांत मागे पोचलो आणि म्हटलं, "आलो! बोल, काय हवंय?"

बायकोचं तोंड घासाने भरलेलं होतं. तिने बोट वर केलं. पुढून साडू विचारत होते, किल्ली जरा फिरवून बघितली, चालेल ना.

"अहो, ऐकताय का?" स्पीकर म्हणाला.

"हो, ऐकतोय," मी त्याला म्हटलं.